दिवसाचे बारा व्यत्यय

दारावर पुन्हा टकटक झाली. दिवसातली बारावी.

"अगं, उद्या वार कुठला?"

"गुरुवार, बाबा."

"हां. मग ठीक आहे," म्हणत बाबा काठी टेकत पॅसेजमधून आपल्या खोलीकडे परतले. गुरुवारी त्यांना कुठेही जायचं नव्हतं.

तिनं शेजारच्या कागदावर वेळ लिहिली. पुढे लिहिलं, 'बाबा'. त्याच्यापुढे, 'किरकोळ'. मग जरा थांबून, 'विसरभोळेपणा?'

नव्या औषधांच्या चाचण्यांतले आकडे तपासायचं तिचं काम घरूनच चालायचं. आकड्यांचा धागा एकदा सुटला की पुन्हा हाती यायला आठ-दहा मिनिटं जात. पाचला संपायचं काम रोज आठपर्यंत लांबायचं, आणि मग बाबांच्या शेजारी बसून ती नुसत्या जांभया द्यायची. दोघांचंच घर, आणि दोघांचं धड बोलणं नाही. म्हणून तिनं दोन आठवडे प्रत्येक व्यत्यय टिपून ठेवला. फोन, कुरिअर, वरच्या मजल्यावरचं ड्रिल, सगळं. बेरीज केली तेव्हा बाबा एकटे सगळ्यांना पुरून उरले. कात्री कुठे आहे. बाहेर ढग आलेत का. तुझ्या मावशीचे दीर कुठल्या बँकेत होते.

त्याच संध्याकाळी तिनं विषय काढला.

"बाबा, रागावू नका. पण उद्यापासून नऊ ते पाच माझं दार ठोठावायचं नाही. पॅसेजमध्ये काठी वाजते, तीही आत ऐकू येते. पाचनंतर मी तुमचीच."

बाबांची उभी नोकरी बसडेपोत गाड्यांची वेळापत्रकं लावण्यात गेली होती. शिस्तीचं त्यांना वावडं नव्हतं.

"म्हणजे मार्ग बंद," ते म्हणाले. "कळलं. पाटी लावू नकोस, लक्षात राहील माझ्या."

आणि राहिलंही. दुसऱ्या दिवसापासून घर असं शांत झालं की तिला स्वतःच्या बोटांचा आवाज ऐकू येऊ लागला. काम सव्वापाचला संपायला लागलं. संध्याकाळी ती बाबांच्या खोलीत जाऊन बसे. बाबा खुर्चीतून न उठता डेपोतले किस्से सांगत, ती पोट धरून हसे. घडी बसली एकदाची, असं तिला वाटलं.

तेराव्या दिवशी थेरपिस्ट आली. बाबांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला दोन महिने झाले होते. पंधरा दिवसांनी एकदा येऊन ती पाय तपासून जायची. तिनं गुडघा हळूहळू वाकवला. बाबांनी ओठ घट्ट मिटले.

"मागच्या वेळी शंभर अंशांपर्यंत येत होता. आज ऐंशीलाच अडला. आणि ही पोटरीवर सूज. आजोबा, चालणं सोडलंत?"

"हवा बरी नव्हती."

"घरातल्या घरात कसली हवा?"

बाबांनी पायजमा गुडघ्याखाली ओढून घेतला.

निघताना थेरपिस्ट दारात तिला म्हणाली, "अजून वेळ गेलेली नाही. पण असे बसून राहिले तर गुडघा कायमचा आखडेल. मग काठीनंही भागणार नाही."

ती टेबलाशी येऊन बसली. स्क्रीनवर आकडे होते, पण डोळे त्यांच्यावर ठरेनात. चालणं सोडलं, म्हणजे ते आधी चालत होते. कधी? बाबांना चालताना तिनं कुठे पाहिलं होतं? डोळ्यांसमोर एकच दृश्य आलं. आपल्या दारापासून परत जाणारी पाठ.

तिनं जुने कागद काढले. कोणी थांबवलं, कशासाठी, किती मिनिटं, या रकान्यांच्या तिनं बेरजा केल्या होत्या, सरासरी काढली होती. वेळेचा रकाना फक्त भरला होता, वाचला नव्हता. पावणेदहा. साडेदहा. सव्वाअकरा. बारा. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. दोन आठवड्यांत एखाद्या मिनिटाचा काय तो फरक. दुसऱ्या कुणाच्या तक्त्यात हे दिसतं, तर तिनं पाच मिनिटांत लाल खूण केली असती. विसरभोळा माणूस घड्याळ लावून विसरत नाही.

ती उठली. अकरा वाजायला आले होते. कामाच्या वेळेत ती आपणहून बाबांच्या खोलीत पहिल्यांदाच गेली.

"उठा, बाबा."

"आत्ता? अगं, तुझं काम..."

"उठा तर."

तिनं हात पुढे केला. पहिली काही पावलं बाबांना जड गेली. पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला ते वळले, थोडं थांबले, पुन्हा निघाले. दुसऱ्या खेपेला पाय जरा मोकळा पडला. तिसऱ्या खेपेला त्यांनी तिचा हात सोडून नुसती काठी धरली.

"दर पाऊण तासाला यायचात," ती म्हणाली. "मी म्हणत होते, विसरताय. चालण्यासाठी येताय, एवढं सांगायचंत तरी."

"सांगितलं असतं, तर तू काम टाकून माझ्याबरोबर चालली असतीस."

"मग? चालले असते."

"तेच तर," बाबा म्हणाले. "ती थेरपिस्ट बाई म्हणाली होती, रोज तासभर चाला, पण मुलीला बरोबर घेऊन. एकटे पडलात तर कुणाला कळायचं नाही. आता दिवसभर तू डोकं शिणवणार, वर तुझा एक तास मी कुठून काढू? म्हणून मी त्या तासाच्या बारा फेऱ्या केल्या, पाच-पाच मिनिटांच्या. आणि मी पडलेलो नाही, एवढं तुला कळावं, म्हणून दर फेरीला एकदा दार ठोठावायचो."