शिंगराचं दावं

वर्नाला आत नेलं आणि दारं मिटली. जाताना डॉक्टरीण एवढंच म्हणाली : नाळेचे दोन वेढे बाळाच्या गळ्याला आहेत, प्रत्येक कळेबरोबर त्याचे ठोके मंदावतायत, पोट उघडावं लागेल.

तिचा नवरा लेलंड भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. बसवेना. व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला त्याची सासू बसली होती, डोक्यावरची शाल पुढे ओढून. नवाहो आदिवासींत सासू-जावयाने एकमेकांचं तोंड पाहिलं तर डोळे जातात, असं मानतात. लग्न झाल्यापासून दोघांनी पाहिलं नव्हतं. बोलणं मेव्हणीकडून, आर्विनाकडून.

"आई विचारतेय, काय बांधलंस?" आर्विना येऊन म्हणाली. "बायको पोटुशी असताना गाठ मारायची नसते, माहीत नाही?"

"काही नाही बांधलं."

आर्विना गेली, परत आली. "ती म्हणते, खोटं तरी नीट बोलायला शीक."

मग त्याला दावं आठवलं. होणाऱ्या बाळासाठी एक शिंगरू राखलं होतं, त्याच्यासाठी हौसेने गाठी मारून वळलेलं. ते ट्रकमध्येच होतं.

तो धावत बाहेर गेला. उन्हात ट्रकच्या मागच्या फळीवर बसून गाठी सोडू लागला. एकेक सुटली. शेवटची सुटेना. खिशात चाकू होता. पण गाठ कापायची नाही, सोडायची, एवढं त्यालाही ठाऊक होतं. नखातून रक्त आलं.

शेजारी फळी करकरली. फिरोज्याची अंगठी घातलेला एक सुरकुतलेला हात पुढे आला आणि दोरीचं दुसरं टोक आत ढकलू लागला. त्याने मान वर केली नाही. तिनेही नाही. दोघांचा श्वास त्या गाठीवर पडत होता.

गाठ सैल झाली. निसटली.

"इथे बसलायत होय! केव्हाची शोधतेय!" आर्विना दारातून ओरडली. "मुलगी झाली! निळी पडली होती, चोळून चोळून रडवली. वर्नाला टाके घालतायत, ठीक आहे ती!"

दोघांनी एकदमच मान वर केली, आणि एकमेकांकडे पाहिलं. वर्नाचे डोळे कोणाचे, ते लेलंडला आज कळलं.

सासूने शाल ओढली नाही.

"माझे डोळे गेले," ती पहिल्यांदाच त्याच्याशी बोलली, "तर मेंढ्या तू राखायच्या."

"माझेही जातील ना."

"मग पोरगी राखेल."