सारसांची वजाबाकी

“मामा, मशीनजवळून हलू नका. आणि खोकू नका.”

“खोकलो तं तुझ्या गान्यात जाईन का?” केवलराममामा म्हणाले. “बंगलोरचे पोट्टे नाचतीन मंग माया खोकल्यावर.”

दुर्गेश्वरी हसली नाही. ध्वनिमुद्रणाचे यंत्र मामांपाशी ठेवून ती धुक्यात शिरली आणि तळ्याच्या बांधाने चालू लागली. तिला लपवलेला लाउडस्पीकर शोधायचा होता.

ती ब्रेकबीट संगीत करते. ढोलाचा सरळ ताल तोडायचा, तुकड्यांची उलटसुलट जुळणी करायची आणि क्लबांना नाचवायचे. गेल्या डिसेंबरात तिने याच तळ्यावर सारसांची जोडी मुद्रित केली होती. नर एकदा ओरडतो, मादी दोनदा. ताल निसर्गतःच तुटलेला. उन्हाळ्यात नर विजेच्या तारेवर आदळून मेला. त्यानंतर तिने एक प्रयोग केला. नराचा मुद्रित आवाज महिनाभर रोज पहाटे तळ्यावर वाजवला. मादी उत्तर देत राहिली. त्याच महिन्यात एक परका नर दोनदा आला आणि तळे व्यापलेले समजून दोनदा परतला. तिने स्पीकर उचलला, पण परका नर पुन्हा आला नाही. मादी एकटी राहिली. दुर्गेश्वरीने त्यानंतर प्रयोग हा शब्द वापरणे सोडले.

चार दिवसांपूर्वी मामांचा फोन आला होता. “तळ्यावर सारस बोलून राहिले. मशीन घेऊन ये.”

“नवा नर आला का?”

“तू ये तं पयले.”

बांधावर ती अर्ध्या वाटेत असताना हाक आली. एक लांब, दोन आखूड. पुन्हा एक लांब, दोन आखूड. दहा हातांपलीकडचे काही दिसत नव्हते. तिने पूर्ण फेरी मारली. स्पीकर नव्हता, तार नव्हती. ओल्या मातीत तिच्याखेरीज कोणाची पावले नव्हती.

“कोणी मजाक करून राहिलं असं वाटलं होतं,” ती परत येऊन म्हणाली. “पण काही नाही सापडलं. खरंच नर असेल, मामा.”

मामांनी तिच्याकडे पाहिले नाही. “घरी जाऊन तपास. जे निघन ते सांगजो.”

दुपारी कुडवा गावातल्या आपल्या खोलीत तिने तपासले. पद्धत सोपी होती. गेल्या वर्षीच्या मुद्रणाच्या लहरी उलट्या करायच्या, चढाच्या जागी उतार, आणि त्या आजच्या मुद्रणावर ठेवायच्या. दोन्हींत जे तंतोतंत सारखे, ते एकमेकांना खोडून नाहीसे होते. जे वेगळे, तेवढेच ऐकू येते. जिवंत पक्षी एकच हाक दोनदा तंतोतंत सारखी देत नाही. काही ऐकू आले तर नवा नर आला होता आणि तिची चूक भरून निघाली होती. तिने पहिली हाक जुळवली.

नर नाहीसा झाला.

म्हणजे कोणीतरी तिचेच मुद्रण वाजवत होते. मग तिच्या लक्षात आले की नराबरोबर मादीही नाहीशी झाली आहे. आजच्या पहाटेचे किडेही उरले नव्हते. दूरच्या मालगाडीची शिट्टीही नाहीशी झाली होती. तिला हायसे वाटले. घाईत तिने गेल्या वर्षीचीच फाइल दोनदा घेतली असणार. दुसरे कारण संभवत नव्हते. ती बंद करायला तिने हात पुढे केला.

एकोणिसाव्या सेकंदाला, त्या निखळ शांततेत, मामांचा आवाज आला. ते स्वतःशीच पुटपुटत होते.

“मादीले तं दिवाळीत मीच गाडलो. पोरीले सांगितलो तं म्हनन, मामा येडा झाला. मंग हे दोघं कोन बोलून राहिले?”