सूर धरणारा

लग्नघरच्या मांडवात मी सनई ओठांना लावली आणि शेजारी बसलेल्या माझ्या मुलाकडे पाहिलं. मी वाजवतो आणि तो त्याच्या सनईवर मागे एकच सूर धरतो. नाकाने श्वास घेत राहायचं, सूर तुटू द्यायचा नाही, एवढंच त्याचं काम.

गेल्या लग्नसराईत तो सूर दर दोन मिनिटांनी तुटायचा. विचारलं तर म्हणाला, "बाबा, सिगारेट सोडायलाच तर वेप घेतलंय." सोडली कुठली? घरात वास नको म्हणून वेप, आणि मंगल कार्यालयामागे चहाबरोबर सिगारेट. मी भडकलो. "माझ्या नाकाला फसवशील रे, कानाला कसं फसवशील?" त्या दिवशी त्याने दोन्ही माझ्या हातात ठेवली. पुढे तीन महिने घरात सगळ्यांवर खेकसत राहिला, पण रोज सकाळी सूर घोटायला बसला.

आज मी अहिरभैरव मुद्दाम लांबवला. दहा मिनिटं झाली, वीस झाली. शेवटी माझाच दम संपला. मी सनई खाली ठेवली, तरी त्याचा सूर तसाच चालू होता, सरळ, दोरी ताणल्यासारखा. न्याहारीच्या पंगतीतली माणसं वळून बघायला लागली.

माझे वडील गेल्यापासून मी कुणाच्याच मागे सूर धरला नव्हता. मी माझी सनई त्याच्या मांडीवर ठेवली आणि त्याची मागून घेतली.

"आता तू वाजव," मी म्हटलं. "सूर मी धरतो."