जनीचा दाखला

शिक्षावही, १९३१.
महिपत रावजी. इयत्ता चौथी. पाण्याची घागर फोडली. छड्या दोन.

त्याखालची ओळ कोरी होती. सावंतगुरुजींनी टाक दौतीत बुडवला आणि तसाच धरला.

"लिवा," खुर्चीतून रावजी खोत म्हणाले. "महारांची जनी. घागर बाटवली. नाव कमी."

शाळेच्या अंगणात उन्हात राही उभी होती. तिच्या पदराआड जनी. सकाळपासून कुणी पाणी वाढलं नाही, म्हणून पोरीने ओसरीवरून उठून घागर स्वतःच कलती केली होती. तिच्या हातून घागर फुटली नव्हती. ती नंतर महिपतने फोडली, बाटली म्हणून.

"गुरुजी," राही म्हणाली, "तिलाबी छड्या मारा. दोन नको, दहा मारा. पन नाव नका काढू. चवथीची परीक्षा म्हयन्यावर आलीय."

खोत हसले. "अगो, दहा छड्या मारल्या तर गुरुजींनी दहा आंघोळी करायच्या काय? देशावरचा मानूस तो, आधीच आमच्या पाण्यानं खोकतोय!"

गुरुजी हसले नाहीत. त्यांनी राहीकडे पाहिलंही नाही. पाहतील म्हणून ती थांबली. एक शब्द तिच्या जिभेवर आला. खोतांकडे बघून तिने तो गिळला.

टाक चालू लागला. गुरुजींनी काही विचारलं नाही, भराभर लिहीत गेले. मग दाखला पायरीवर ठेवून चार पावलं मागे सरले. राहीने तो उचलला.

वाटेत जांभ्याच्या गडग्यावर दोघी टेकल्या. राहीला अक्षर येत नव्हतं. जनीने वाचलं.

नाव: जनी.
जन्माचं ठिकाण: वेळणेश्वर.
शाळा सोडण्याचं कारण: पालकांची इच्छा.

"आये, तू सांगितलंस असं?"

"नाय."

"आन् वेळणेसर? पटावर तर हितलाच जन्म लिवलाय. तुझ्या म्हायेरी झाली मी, ह्ये गुरुजींना कुनी सांगितलं?"

राही बराच वेळ पोरीच्या कानातली कडुनिंबाची काडी सरळ करत राहिली.

"कान टोचताना पोर मामाच्या मांडीवर बसतं ना," ती म्हणाली, "तुझं टोचलं तवा तुला घेऊन त्योच बसला हुता."