बंद मशीन

झाडं छाटायची कामं घेणाऱ्या त्या माणसाचं फांद्यांचा भुगा करणारं मशीन सारखं बंद पडायचं. अंगणात मेकॅनिक आला की बायकोचा चेहरा खुलायचा, चहा ठेवता ठेवता ती गुणगुणायची. ते ऐकून याचा नुसता जळफळाट व्हायचा.

शेवटी पात्यांना धार लावणं, पट्टा ताणणं, अडकलेली फांदी सोडवणं, सगळं तो इरेला पेटून शिकला. मेकॅनिकचं येणं थांबलं. आता मशीन रोज चालायचं आणि तो अंधार पडल्यावरच घरी परतायचा.

बायको मात्र गप्प गप्प राहू लागली.

"मेकॅनिकची आठवण येते वाटतं?" एकदा त्याने खवचटपणे विचारलंच.

ती म्हणाली, "मशीन बंद पडलं की तेवढाच एक दिवस तुम्ही घरी असायचात."