चौथी टोपी

पोलीस ठाण्यातल्या मुद्देमालाच्या खोलीचा हवालदार लावलेलं कुलूप तीनदा ओढून बघायचा, म्हणून सगळे त्याला कुलूपभाऊ म्हणत. कामावर असताना जीव गेलेल्या चौघा पोलिसांच्या टोप्या त्याच्याच ताब्यातल्या काचेच्या कपाटात असत. वर्षातून एकदा, स्मृतिदिनाच्या सकाळी, तो त्या बाहेर काढायचा आणि ज्याच्या-त्याच्या घरचं माणूस आपली टोपी फोटोपुढे ठेवायचं.

या वर्षी तीन टोप्या नेहमीसारख्या कोरड्या खडखडीत निघाल्या. चौथीच्या आतली चामड्याची पट्टी ओली होती.

वरून गळत असेल म्हणून त्याने कपाट चाचपलं. ओलीचा मागमूस नव्हता. टोपी मात्र कोमट होती आणि तिला ताज्या घामाचा वास येत होता. ती ज्यांची, त्या फौजदारसाहेबांना जाऊन अकरा वर्षं झाली होती.

त्याने रुमालाने पट्टी खसाखसा पुसली. बघता बघता पुन्हा थेंब दाटले.

बाहेर बिगुल वाजला. फौजदारसाहेबांची बायको दारात येऊन उभी राहिली. "द्या, भाऊजी."

त्याने टोपी पाठीमागे नेली. "वहिनी, यंदा मी ठेवतो."

"दरवर्षी मीच ठेवते की."

तिने पुढे केलेला हात मागे घेतला नाही. त्याचा नाइलाज झाला.

तिची बोटं ओल्या पट्टीवरून फिरली.

तिने सवयीने पालथ्या हाताने पट्टी पुसली. "धावतच निघाले सकाळी," ती म्हणाली आणि पिशवीतून डबा काढून तिने त्याच्या हातात ठेवला. "एवढा आत नेऊन द्या त्यांना. आजही विसरले."