दुसरा नमुना

"एकाच नमुन्यावर नवी प्रजाती जाहीर करत नाहीत गं," प्रयोगशाळेतले सर म्हणाले. "दुसऱ्या ठिकाणाहून एक तरी मिळव. नाहीतर महिनाअखेरीला तुझी जागा गेलीच म्हणून समज."

ही नवी यीस्ट, डोळ्यांना न दिसणारी बुरशी, तिला घराच्या कुंपणालगतच्या झाडाच्या फुलात सापडली होती. बाबांनी लावलेलं झाड. रस्ता रुंद करायला ते तोडलं. तेव्हापासून ती गावभर फुलं, फळं, साली गोळा करत होती. प्रयोगशाळेतल्या शंभरावर काचेच्या बश्यांत वाढवून पाहिलं. हाती काही नाही.

संध्याकाळी ती इस्पितळात गेली. बाबांचं पोटाचं ऑपरेशन झालं होतं. सात नंबरची खाट. ताप हटत नव्हता, डॉक्टर औषधं बदलून बदलून थकले होते. झाडाची शेवटची डहाळी तिने त्यांच्या उशाशी ग्लासात ठेवली होती. फुलं सुकली तरी बाबा टाकू देईनात. सलाईनच्या नळीवर पडलेल्या पाकळ्या तिने हातानेच झटकल्या.

"तुझ्या किड्याचं काय झालं?" बाबांनी विचारलं.

"किडा नाही हो बाबा, यीस्ट."

"तेच ते. माझं नाव दे त्याला. झाडामागे तेवढं तरी राहील."

तिने तोंड फिरवलं. रडू काही केल्या आवरेना.

गुरुवारी प्रयोगशाळेत एक बाटली आली. शहरातल्या सगळ्या इस्पितळांचं रक्त जिथे तपासतात, तिथून. कुणा रुग्णाच्या रक्तात यीस्ट वाढली होती आणि त्यांच्या मशीनला ती ओळखता येत नव्हती. वर नाव नाही, नुसता आकडा.

सोमवारी डीएनएचा निकाल हाती आला. अक्षर न् अक्षर जुळत होतं. तिचीच यीस्ट.

ती हसता हसता रडली.

"गंगेत घोडं न्हालं एकदाचं," सर म्हणाले. "रुग्ण कोण, कुठला, तेवढं विचारून घे. फॉर्म आजच पाठवू."

तिने फोन लावला. पेन उघडून फॉर्मच्या शेवटच्या रकान्यावर टेकवलं: नमुना कुठे मिळाला.

"थांबा हं, वहीत बघते," पलीकडची बाई म्हणाली. पानं उलटल्याचा आवाज आला. "हां. पुरुष, वय एकाहत्तर. पोटाचं ऑपरेशन. खाट नंबर सात."